मुठींतलें गणकयंत्र

गणकयंत्र म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक पडदा आणि एक अक्षरफळी उभी राहते. आज मी ज्या यंत्राविषयीं बोलणार आहें त्याला पडदा नाहीं, अक्षरफळी नाहीं, आणि पुष्कळदां त्याला डबाहि नसतो. आगपेटीहून थोडी मोठी अशी एक हिरवी किंवा निळी पट्टी, तिच्यावर एकदोन काळ्या चिपा, कडेला ओळीनें धातूचीं छिद्रें, आणि एका टोंकाला फोनच्या तारेसारखी तार जोडण्याची खांच, एवढेंच त्याचें दृश्य स्वरूप. तरी तें गणकयंत्रच आहे. आपण त्याला आज्ञा लिहून देतों, तें त्या लक्षांत ठेवतें आणि पाळतें. जाणते लोक त्याला मायक्रोकंट्रोलर बोर्ड म्हणतात. बाजारांत मात्र तें 'आर्डुइनो', 'मायक्रोबिट', 'पिको' अशा नांवांनींच मागितलें व विकलें जातें.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्यभर मुलांना अंकगणित घोकवणारा शाळामास्तर. विद्युत्शास्त्रावर अधिकारवाणीनें बोलावें असा माझा वकूब नाहीं. परंतु ह्या विषयाला एक बाजू अशी आहे कीं, तिच्यावर मास्तरानेंच बोलावें. आज शहरांतील प्रत्येक सुशिक्षित घरांत चारदोन फोन असतात, आणि प्रत्येक फोन म्हणजे एक जबरदस्त गणकयंत्र असतें. पण घरांतील मूल त्या यंत्राचें धनी नाहीं, गिऱ्हाईक आहे. दुसऱ्या कोणी तरी लिहिलेली आज्ञावली तें चालवितें. ती अशीच कां चालते हें विचारण्याची सोय त्यांत ठेवलेली नसते. ह्या उघड्या पट्टीची गोष्ट नेमकी उलट आहे. आपण कांहीं लिहून दिलें नाहीं तर ती ढिम्म बसून राहते. आणि चुकीचें लिहून दिलें तर तें चुकीचें काम ती अत्यंत इमानानें, न थकतां, सेकंदाला हजारों वेळां करते. अशा नोकराला कामाला लावतांना विचार किती स्वच्छ करावा लागतो, तें ज्यानें केलें असेल त्यालाच कळेल.

नभोवाणीवरून बोलतो आहें, म्हणून एक गोष्ट आधीं सांगतों. ह्या पट्ट्यांच्या इतिहासांत एका ध्वनिक्षेपण संस्थेचा मोठा हात आहे. ती संस्था म्हणजे विलायतेंतील बी.बी.सी. सामान्य माणसाला गणकयंत्र समजावें म्हणून तिनें १९८१ सालीं 'बी.बी.सी. मायक्रो' नांवाचें घरगुती यंत्र बाजारांत आणविलें आणि १९८२ च्या जानेवारींत त्याला जोडून दूरचित्रवाणीवर पाठमाला सुरू केली. यंत्र बनविलें केंब्रिजच्या एकॉर्न ह्या कंपनीनें. तीं यंत्रें पंधरा लाखांच्या वर खपलीं. पुढें त्याच कंपनींतील सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर ह्या दोघांनीं एक नवा प्रोसेसर रचला. त्याची पहिली चिप १९८५ च्या एप्रिलांत चालूं लागली. तिचें नांव 'आर्म'. आज आपल्या खिशांतील फोनांत बहुतेक सर्वत्र त्याच कुळांतील चिप असते. आणि २०१६ सालीं बी.बी.सी.नें ब्रिटनमधील सातव्या इयत्तेच्या, म्हणजे अकराबारा वर्षांच्या मुलांना दहा लाखांपर्यंत 'मायक्रोबिट' पट्ट्या फुकट वाटण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां त्या पट्टीच्या पोटांतहि आर्म कुळांतलीच चिप बसविलेली होती. पस्तीस वर्षांपूर्वीं लावलेल्या झाडाचें बीं त्याच घरीं परत आलें!

मायक्रोबिट ही चार सेंटिमीटर रुंद व पांच सेंटिमीटर लांब. तिच्यावर पांच ओळींत पांच असे पंचवीस लाल ठिपके पेटतात. दोन बटनें असतात. पट्टी तिरकी झाली कीं तें कळणारें एक इंद्रिय आणि उत्तर दिशा कळणारें दुसरें. दोन मायक्रोबिट एकमेकींशीं बिनतारी बोलूं शकतात. जुन्या बी.बी.सी. मायक्रोच्या प्रसिद्ध 'बी' नमुन्यांत ३२ किलोबाइट कामचलाऊ स्मृति होती व त्याचा ठेका सेकंदाला वीस लाख होता. २०२० सालीं निघालेल्या दुसऱ्या मायक्रोबिटची तशीच स्मृति १२८ किलोबाइट आणि ठेका सेकंदाला सहा कोटी चाळीस लाख आहे. जें टेबलभर होतें तें तळहातावर आलें, आणि तरी बळ वाढलें.

'आर्डुइनो'चा जन्म इटलींतील इव्रेआ ह्या गांवीं २००५ सालीं झाला. ऑलिव्हेटी टंकयंत्रें ह्याच गांवचीं. जुन्या कचेऱ्यांत काम केलेल्यांना तें नांव आठवेल. तेथील एका संस्थेंत वस्तूंची रचना कशी करावी हें शिकविलें जाई. मास्सिमो बान्झी हे तेथें शिक्षक होते. त्यांचे विद्यार्थी इंजिनिअर नव्हते. त्यांना दिवे, मोटारी, घंटा आपल्या कल्पनेप्रमाणें चालवावयाच्या होत्या, आणि त्या वेळीं मिळणारीं तयार यंत्रें विद्यार्थ्यांच्या खिशाला जड होतीं. एर्नांदो बारागान ह्या विद्यार्थ्यानें आधीं 'वायरिंग' नांवाची एक सोपी पद्धति रचली होती. त्या पायावर बान्झी, डेव्हिड क्वार्टिएलेस आणि इतर सहकाऱ्यांनीं ही स्वस्त पट्टी उभी केली. नांव घेतलें गांवांतील एका पानगृहाचें, आणि पानगृहाला तें मिळालें होतें १००२ ते १०१४ ह्या काळांत इटलीचा राजा म्हणविणाऱ्या आर्डुइनोवरून. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानदार त्या राजाचें नांव दिवसांतून शंभरदां घेत असतो, आणि राजाला तें ठाऊक नाहीं. ह्या मंडळींनीं आणखी एक मोठें काम केलें. पट्टीचे सर्व आराखडे जगाला खुले करून टाकले. म्हणूनच बाजारांत तिच्या नकला उजळ माथ्यानें विकल्या जातात. नक्कल करणें हा येथें गुन्हा नाहीं. मूळ नांव व चिन्ह छापून विकणें हा आहे.

आतां हें यंत्र काम कसें करतें तें पाहूं. आर्डुइनोची 'उनो' नांवाची पट्टी घेऊं, कारण शिकणाऱ्यांच्या हातीं अजूनहि तीच अधिक दिसते. तिच्या मुख्य चिपेंत आज्ञा सांठविण्यासाठीं ३२ किलोबाइट जागा आहे. वीज गेली तरी तेथील लिखाण पुसलें जात नाहीं. चालू हिशेबासाठीं मात्र अवघी दोन किलोबाइट, म्हणजे २०४८ रोमन अक्षरें मावतील एवढी पाटी; वीज गेली कीं ती कोरी. ठेका सेकंदाला एक कोटी साठ लाख. आज्ञावली घरच्या मोठ्या गणकयंत्रावर लिहावयाची, तारेनें पट्टींत उतरवावयाची, आणि तार काढून घ्यावयाची. मग बॅटरीवर ती पट्टी एकटी आपलें काम करीत राहते.

आज्ञावलीचे दोन भाग असतात. पहिला भाग यंत्र सुरू होतांच एकदांच पाळला जातो. दुसरा भाग संपला कीं पुन्हां पहिल्या ओळीपासून, असा वीज असेपर्यंत फिरत राहतो. आपल्याकडे पूजेच्या आरंभीं संकल्प एकदांच सोडतात आणि जपाची माळ मात्र मेरुमण्यापाशीं येऊन पुन्हां फिरते, तसेंच हें. 'तेराव्या पायावर दिवा जोडला आहे' हा संकल्प. 'पेटव, एक सेकंद थांब, विझव, एक सेकंद थांब' ही माळ. बहुतेक मुलें आपली पहिली आज्ञावली हीच लिहितात. दिवा लुकलुकूं लागला कीं जो आनंद होतो तो फोनवरील खेळांत हजार गुण मिळवूनहि होत नाहीं, असें मीं मुलांच्या तोंडावर पाहिलें आहे.

ह्या पहिल्या दिव्यापाशींच शाळेंतला ओहमचा नियम जिवंत होतो. उनोच्या पायावर पांच व्होल्ट दाब असतो. लाल एलईडी दिवा त्यांतले सुमारें दोन व्होल्ट खातो, उरले तीन. मध्यें २२० ओहमचा रेझिस्टर घातला तर तीनला २२० नीं भागून सुमारें साडेतेरा मिलिअँपिअर प्रवाह येतो. पायावरून सतत वीसच्या वर मिलिअँपिअर काढूं नये, असा संकेत आहे. तेव्हां आपण सुरक्षित. रेझिस्टर गाळला तर दिवा आणि चिपेचा पाय ह्यांपैकीं एक किंवा दोन्हीं प्राणास मुकण्याचा संभव. लहानशी मोटार थेट पायाला जोडणें हाहि तसलाच प्रकार. तिला शेंकडों मिलिअँपिअर लागतात. मायक्रोबिट व पिको ह्यांचे पाय तर सुमारें तीन व्होल्टांचे. त्यांना पांच व्होल्ट दाखविणेंच घातक.

दुसरा धडा बटनाचा. बटन दाबल्याची मोजणी करावी, एवढीच साधी आज्ञा. मूल एकदां बटन दाबतें आणि यंत्र म्हणतें, 'पांच!' पुन्हां दाबतें. यंत्र म्हणतें, 'आठ!' मूल गोंधळतें, बाप दुकानदाराला दोष देतो. वास्तविक यंत्र खरें तेंच सांगत असतें. शहाबादी फरशीवर रुपया टाकून पाहा. तो पडतांच स्थिर होत नाहीं. टण्, टण्, टणटण असा उसळत मग थांबतो. बटनांतील धातूच्या दोन जिभाहि एकमेकींवर तशाच उसळतात. फक्त तें सारें कांहीं मिलिसेकंदांत उरकतें म्हणून आपल्या बोटाला व डोळ्याला एकच दाब वाटतो. सेकंदाला दीड कोटीहून अधिक ठेके घेणाऱ्या यंत्राला प्रत्येक उसळी वेगळी दिसते. उपाय सोपा: पहिला स्पर्श कळला कीं वीसतीस मिलिसेकंद दम धरावा आणि मग पुन्हां पाहावें. परंतु उपायापेक्षां त्या मागचें कारण मला अधिक मोलाचें वाटतें. वस्तु आपल्याला दिसते तशीच असते हा भ्रम दोन रुपयांच्या बटनानें जातो.

आतां जरा प्रपंचाच्या कामाकडे वळूं. गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहूं लागली आणि पंप बंद करावयास कोणी नाहीं, हा देखावा शहरांत नवा नाहीं. टाकी भरत आल्याची सूचना देणारी घंटा ह्या पट्टीनें करतां येते. पूर्वीं लोक पाण्यांत दोन तारा सोडीत. पाण्यानें त्या जोडल्या गेल्या कीं घंटा वाजे. पण एकाच दिशेनें प्रवाह वाहत राहिला कीं एक तार हळूहळू झिजून जाते. त्यापेक्षां वटवाघळाची युक्ति बरी. दोन गोल डोळ्यांसारखा दिसणारा एक स्वस्त सेन्सर मिळतो. तो सेकंदाला चाळीस हजार कंपनांचा आवाज सोडतो. आपला कान वीस हजारांपलीकडे ऐकत नाहीं, म्हणून तो आपल्याला निःशब्द वाटतो. आवाज पाण्यावर आपटून परत येईपर्यंत किती वेळ गेला तेवढें यंत्रानें मोजावयाचें. साधारण २० अंश उष्णतेला हवेंत ध्वनि सेकंदाला ३४३ मीटर जातो. पाणी एक मीटर खालीं असेल तर जाऊन येऊन दोन मीटर. त्याला सुमारें ५८३० मायक्रोसेकंद लागतात. डोळ्याचें पातें लवण्याच्याहि आंत हें सगळें होतें, आणि तेवढ्या अवधींत उनोचे ९३ हजारांवर ठेके पडून जातात! टाकींत वाफ व ओल असते, म्हणून सेन्सर जलरोधक जातीचा घ्यावा.

ह्या ठिकाणीं माझ्यासारख्या अंकगणिताच्या मास्तराला खरी मेजवानी आहे. मायक्रोसेकंदांना ३४३ नीं गुणून २०,००० नीं भागलें कीं अंतर सेंटिमीटरांत येतें. ५८३० गुणिलें ३४३ म्हणजे १९,९९,६९०; भागिलें २०,००० म्हणजे ९९.९८. यंत्र अपूर्णांक टाकून देऊन ९९ म्हणेल; तें चालेल. परंतु उनोंत पूर्णांक ठेवण्याचा जो नेहमींचा डबा आहे त्यांत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. जवळजवळ वीस लाखांचा गुणाकार त्या डब्यांत कोंबला तर तो ओसंडतो आणि आंत उरते उणे ३१,९२६. तिला २०,००० नीं भागून यंत्र गंभीरपणें सांगतें, 'अंतर उणे एक सेंटिमीटर.' म्हणजे पाणी सेन्सरच्याहि वर एक सेंटिमीटर चढलें आहे! टाकी मीटरभर रिकामी आणि घंटा ठणाणा वाजते आहे. मोठा डबा वापरला कीं प्रश्न सुटतो. भाषेंत त्याची सोय आहे. पण उत्तर अशक्य आहे हें ओळखणें यंत्राचें काम नव्हे, तें माणसाचें. आम्ही वर्गांत 'उत्तर आलें कीं तें संभवतें का तें पाहा' असें घसा कोरडा करून सांगत असूं. मुलांना तें कटकटीचें वाटे. येथें तीच कटकट मुलाला आपण होऊन सुचते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों. घंटा वाजविणें मुलानें करावें. पंप चालूं-बंद करणें करूं नये. पट्टीवरील पांच व्होल्ट निरुपद्रवी आहेत, भिंतींतले २३० व्होल्ट नव्हेत. दोहोंमध्यें रिले नांवाचा दुवा घालतां येतो व तो बाजारांत स्वस्त मिळतो, म्हणूनच धोका. उघड्या स्क्रूंवर घरची वीज खेळविणारी असली जोडणी ओल्या गच्चीवर मुलाच्या हातीं देणें हें धाडस नव्हे, अविचार आहे. तें काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावें, मुलानें शेजारीं उभें राहून पाहावें.

शाळांविषयीं थोडें बोलणें प्राप्त आहे. नीति आयोगाच्या अटल नवोन्मेष मोहिमेनें २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठीं शाळांतून 'अटल टिंकरिंग लॅब' उघडल्या. शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतें, आणि अशा शाळांची संख्या दहा हजारांवर गेली आहे. योजना चांगली, सामानहि चांगलें. परंतु एका शाळेंत मीं पाहिलेली खोली अशी: कपाटाला कुलूप, आंत पट्ट्या मूळच्या प्लास्टिकांत जशाच्या तशा, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणांत. साहेब येणार त्या दिवशीं टेबलावर निळें कापड अंथरून चार खेळणीं मांडली जात. दुसऱ्या दिवशीं पुन्हां कुलूप. सामान मोडेल ही भीति. अहो, सव्वाशें मुलांनीं वर्षभरांत पांच पट्ट्या जाळल्या तर तो त्या प्रयोगशाळेचा खर्च आहे, नुकसान नव्हे! न जळलेल्या पट्ट्यांचें काय करावयाचें, त्यांचा मुरंबा घालावयाचा?

आणि घरीं पालक काय करतात? महागडा शिकवणीवर्ग लावतात किंवा चकचकीत पेटी विकत आणतात. पेटींतल्या पुस्तिकेवरून मूल तयार आज्ञावली उतरवितें, यंत्रमानव दोन पावलें चालतो, सगळे टाळ्या वाजवितात, आणि पेटी माळ्यावर जाते. हल्लीं तर कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारलें कीं ती सबंध आज्ञावली क्षणांत लिहून देते. मग उतरविण्याचेहि श्रम नकोत. मी तिच्या विरुद्ध नाहीं. परंतु मूल शिकलें कीं नाहीं ह्याची परीक्षा घरांतील कोणीहि, इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसलेली आजीसुद्धां, घेऊं शकते. आज्ञावलींतल्या एखाद्या आंकड्यावर बोट ठेवून विचारावें, 'बाळ, हा वीस हजार कोठून आला? ह्याच्या जागीं दहा हजार लिहिलें तर काय होईल?' मुलानें आधीं सांगावें, मग करून पाहावें. सांगितल्याप्रमाणें झालें तर उत्तम, न झालें तर त्याहून उत्तम, कारण त्या दिवशीं जेवणाची हांक तिसऱ्यांदा मारावी लागते.

खर्चाचें म्हणाल तर आरंभाला एक पट्टी, तिची तार, एक ब्रेडबोर्ड, मूठभर जोडतारा, दहावीस रेझिस्टर, पांचसहा दिवे, दोन बटनें व एक लहान बझर पुरे. मुंबईस लॅमिंग्टन रोड, पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली येथें हें सर्व सुटें मिळतें. मुलाला बरोबर न्यावें. अगदीं लहान मुलाला मायक्रोबिट सोयीची, कारण तिच्यावरच दिवे व बटनें आहेत, आणि आज्ञा रंगीत ठोकळे जुळवूनहि देतां येतात. आठवीनववीच्या मुलाला उनो, नाहीं तर पिको. ही पिको केंब्रिजच्याच रास्पबेरी पाय मंडळींची; २०२१ च्या जानेवारींत ती चार डॉलर किंमतीला निघाली. 'रास्पबेरी पाय' ह्याच नांवाचें मोठें भावंड मात्र पडदा व अक्षरफळी जोडून चालणारें पुरें गणकयंत्र आहे. दोहोंत गल्लत करूं नये.

टाकीच्या घंटेचा एक दुवा राहिला. 'थांब' ह्या आज्ञेंत मोठी खोड आहे. 'एक मिनिट थांब' म्हटलें कीं यंत्र मिनिटभर आंधळें व बहिरें होतें. त्या अवधींत बटन दाबलें तरी त्याला कळत नाहीं. म्हणून जाणते लोक 'थांब' न म्हणतां घड्याळ पाहावयास सांगतात. पट्टी सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद गेले ह्याची नोंद आर्डुइनो आपल्याकडे ठेवीत असतें. मागच्या मोजणीला साठ हजार मिलिसेकंद झाले का, एवढें प्रत्येक फेरींत पाहावयाचें. झाले असतील तर पुन्हां मोजावयाचें, नसतील तर दुसरें काम करावयाचें. परंतु तो नोंदीचा डबाहि अनंत नाहीं. ४९ दिवस १७ तास झाले कीं तो भरतो आणि नोंद पुन्हां शून्यावर येते. 'अमुक आंकडा ओलांडलास कीं मोज' अशी आज्ञा लिहिली असेल तर पन्नासाव्या दिवशीं टाकीची घंटा एकाएकीं चळल्यासारखी करूं लागेल, आणि घरांत कोणाला कारण सुचणार नाहीं. त्याऐवजीं 'आतांच्या नोंदींतून मागची नोंद वजा कर, उरलेली रक्कम साठ हजार झाली का पाहा' असें लिहावें. मग नोंद शून्यावर आली तरी हिशेब चुकत नाहीं. हें कसें, तें भिंतीवरचें घड्याळ पाहून मुलाला दाखवावें. अकरा वाजतां निजलेला माणूस दोन वाजतां उठला तर तो उणे नऊ तास झोंपला असें कोणी म्हणत नाहीं. सगळे तीनच म्हणतात. यंत्राच्या घड्याळावर बाराऐवजीं ४,२९,४९,६७,२९६ घरें आहेत, एवढाच फरक.